क्रीटला शिकायला जाताय? आधी नकाशा बघा

ग्रीसच्या क्रीट बेटावरचं क्रीट विद्यापीठ एकाच गावात आहे असं समजू नका. विज्ञान आणि वैद्यक इराक्लिओला; इतिहास, तत्त्वज्ञान, सामाजिक शास्त्रं रेथिम्नोला. मधलं अंतर ८०-एक किलोमीटर. अभियांत्रिकी हवी असेल तर आणखी पश्चिमेला, हान्याला जा. तिथलं तांत्रिक विद्यापीठ वेगळंच. तेव्हा आपला विभाग कुठे आहे हे बघूनच खोली शोधा. पदवीचे बहुतेक वर्ग ग्रीकमध्ये चालतात, भाषा आत्तापासून घोटायला घ्या.

इतिहासाची सुरुवात सगळेच क्नोसोसपासून, म्हणजे इराक्लिओजवळच्या प्राचीन राजवाड्यापासून करतात. तुम्हीही करा. फक्त ते लाल खांब बघून हुरळून जाऊ नका: १९०० पासून उत्खनन करणाऱ्या आर्थर इव्हान्सने तिथे बरंच काँक्रीट ओतलंय. मला विचाराल तर व्हेनिसच्या राजवटीचा काळ जास्त रंगतदार. इराक्लिओच्या तटबंदीने १६४८ ते १६६९ अशी तब्बल २१ वर्षं ऑटोमन वेढ्याला दाद दिली नाही! अजून त्या तटावरून फिरता येतं. बेट ग्रीसमध्ये आलं ते थेट १९१३ मध्ये.

आणि दक्षिण किनारा नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतो, पण बेटाच्या कण्यावर डोंगररांग आहे. त्यातला प्सिलोरितिस २४५६ मीटरचा. घाटातल्या बसचा वेळ किलोमीटरवरून काढू नका.