'प्लाऊ बॅक' म्हणजे काय? सरळ 'रीइन्व्हेस्ट' का म्हणत नाहीत?

तुम्ही विचारलंय की कंपनीच्या रिपोर्टमध्ये 'प्रॉफिट्स वेअर प्लाऊड बॅक' असं वाचलं, तर नफ्याचा आणि नांगराचा काय संबंध. आहे ना, प्लाऊ म्हणजे नांगर किंवा नांगरणं, त्यामुळे नांगराचाच संबंध आहे.

आमच्याकडे ऊस लावायच्या आधी वडील रानात ताग (हिरवळीच्या खताचं पीक) करायचे. दीडेक महिन्याचा झाला, फुलं दिसायला लागली की नांगर घालून उभाच्या उभा गाडून टाकायचा. लहानपणी माझा जीव तुटायचा ते बघून, एवढं हिरवंगार पीक आणि ना विकलं ना काही, ज्या मातीतून आलं तिच्यातच परत. पण त्या बेवडावर, म्हणजे आधीच्या पिकाने कस वाढलेल्या रानात, ऊस कसा यायचा ते शेतकऱ्याला सांगायला नको. प्लाऊ बॅक म्हणजे अगदी हेच, धंद्यातून आलेला नफा घरी न नेता त्याच धंद्यात गाडायचा.

आता रीइन्व्हेस्टशी फरक. एफडी मोडून आलेले पैसे तुम्ही शेअर्समध्ये टाकले तर ते रीइन्व्हेस्ट झालं, प्लाऊ बॅक नाही. पगारातले किंवा कर्जाचे पैसे धंद्यात घातले तरी नाही, कारण ते त्या धंद्यातून आलेलेच नाहीत. माझ्या मामांची पिठाची गिरणी होती, त्यांनी दोन वर्षांच्या नफ्याला हात न लावता शेजारी मिरची कांडपाचं मशीन बसवलं (मामी वर्षभर बोलत नव्हत्या नीट), ते खरं प्लाऊ बॅक. मोठं उदाहरण हवं तर अमेरिकन गुंतवणूकदार वॉरेन बफे यांची कंपनी बर्कशायर हॅथवे, त्यांच्या काळात कंपनीने एकदाच डिव्हिडंड (शेअरधारकांना वाटलेला नफा) दिला, १९६७ मध्ये, तोही शेअरमागे १० सेंट, बाकी बहुतेक नफा आतच ठेवला. आपल्याकडे बारावी कॉमर्सला रिटेन्ड अर्निंग्जचा (कंपनीने न वाटता राखून ठेवलेल्या नफ्याचा) भाग असतो तिथे हाच शब्द येतो. मराठीत पुस्तकी शब्द पुनर्गुंतवणूक, पण बोलताना आपण 'पैसा धंद्यातच फिरवला' म्हणतो आणि मला तेच जास्त जवळचं वाटतं.

वापरताना 'प्लाऊ द प्रॉफिट्स बॅक इंटू द बिझनेस' किंवा 'प्लाऊ बॅक द प्रॉफिट्स' दोन्ही चालतं, पण 'इट' आलं की ते मधेच घालायचं, 'प्लाऊ इट बॅक'. आणि 'बॅक' विसरू नका कारण नुसतं 'प्लाऊ इंटू' म्हणजे कशात तरी भरमसाट पैसा ओतणं, तो कुठूनही आलेला असो, शिवाय ट्रक दुकानात घुसला तरी पेपरवाले 'प्लाऊड इंटू' च लिहितात.

उच्चार प्लाऊ, काऊसारखा. स्पेलिंग plough, त्यामुळे rough, tough चे उच्चार रफ, टफ बघून मी भर वर्गात 'प्लफ बॅक' वाचलं होतं, पुढची दोन वर्षं मला प्लफ म्हणूनच हाक मारायचे.