जपानमध्ये समुद्र, डोंगर आणि गावाकडचं जेवण एकाच सहलीत कुठे मिळेल?

माझं उत्तर एकच: किई द्वीपकल्पातला कुमानो भाग. नागोयाहून रेल्वेने साधारण चार तासांत किई-कात्सुउरा गाठा. हे ट्यूनाचं बंदर आहे, तिथला ताजा ट्यूना चुकवू नका. तिथून बसने दाइमोन-झाकाला उतरा. जुन्या सीडर झाडांमधून शेवाळलेल्या दगडी पायऱ्या चढत गेलं की १३३ मीटरचा नाची धबधबा समोर येतो. ही वाट कुमानो कोदो या प्राचीन यात्रामार्गाचा भाग आहे, २००४ पासून जागतिक वारसा.

सोबत मेहारीझुशी घ्या. मोहरीच्या कुळातल्या ताकाना भाजीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा. 'मेहारी' म्हणजे डोळे विस्फारणं; घास घेताना तसंच होतं! पान किंचित तिखट-खारट, आत साधा भात. चालून दमल्यावर याच्यासारखं काही नाही.

एक मुक्काम युनोमिने या डोंगरातल्या गावी नक्की करा. तिथे गरम झऱ्याच्या कुंडात लोक जाळीच्या पिशवीतून अंडी, रताळी उकडतात.

शाकाहारी असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी आधीच कळवा. भाजीच्या रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क असतो. बसगाड्या कमी आहेत, वेळापत्रक पाहूनच निघा.