घर शांत आहे, म्हणजे मी मागे राहिले का?

"दुपारी झोपून उठले तर घरात कुणीच नाही. वाटलं, सगळे उचलले गेले, मीच राहिले." येशू परत येईल तेव्हा विश्वासणाऱ्यांना अचानक वर उचलून नेईल आणि बाकीचे मागे राहतील, अशी काही चर्चची शिकवण आहे. ती ऐकत वाढलेल्या ख्रिस्ती घरांतल्या मुलामुलींकडून हे सतत ऐकू येतं. सांगताना बहुतेक जण ओशाळतात.

माझ्याशी बोलायला आलेली एक मुलगीही ओशाळली होती. घर शांत दिसलं की आईला फोन, तिने नाही उचलला तर भावाला, मग चर्चमधल्या कुणाला तरी. मधल्या वेळात पश्चात्तापाची प्रार्थना, पुन्हा पुन्हा. रात्री अंत्यकाळाचे व्हिडिओ.

घरच्यांनी तिला येशूच्या परत येण्याच्या फसलेल्या तारखा ऐकवल्या होत्या. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले 2300 दिवस म्हणजे वर्षं असं धरून अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी काढलेली 22 ऑक्टोबर 1844, अमेरिकन रेडिओ-प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंगची 21 मे 2011. "सगळ्या पाठ आहेत," ती म्हणाली. "पण एखादी खरी निघाली तर?" समजूत घालणारे नेमके इथे चुकतात. भीती तारखेची नसतेच. आपल्याला नेतील का, ही असते.

"एका वेळी किती वेळा प्रार्थना करतेस?" मी विचारलं.

"वीस-तीस."

"देवाला कितव्या वेळी ऐकू येतं?"

ती बराच वेळ गप्प. मग हळूच, "पहिल्याच."

"मग उरलेल्या कुणासाठी?"

इथे गाठ सुटली. फोन काय, प्रार्थना काय, दोन्ही भीतीला दिलेला हप्ता. दिला की घटकाभर सुटका, आणि पुढची मागणी ठरलेली. श्रद्धेला हात लावायची गरजच नव्हती.

बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायाची 16 आणि 17 ही वचनं, प्रभू उतरेल आणि आपण ढगांत उचलले जाऊ असं सांगणारी, तिला तोंडपाठ. 18 वं वाचायला लावलं: या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. मेलेल्यांसाठी शोक करणाऱ्यांना दिलेला धीर तिने धमकी म्हणून ऐकला होता.

मग सराव. प्रार्थना एकदाच. फोन आधी 5 मिनिटं थांबून, जमलं की 10, मग 20. वहीत वेळ आणि भीती, 100 पैकी किती. सुरुवातीला आकडा चढतो. तिथेच लोक सोडून देतात. फोन न करताही तो उतरतो, हे स्वतःच्या अक्षरात दिसायला हवं. व्हिडिओ बंद. चर्चच्या पाळकांशी एकदाच मोकळं बोलणं. रोज विचारलं तर तोही हप्ताच. झोप उडाली, काम सुटलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

काही आठवड्यांनी ती म्हणाली, "परवा उठले तर घर रिकामं. मी कूस बदलून पुन्हा झोपले."