एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोरोनाच्या प्रथिनाची स्फटिकरचना (प्रोटीन डेटा बँकेतला क्रमांक ६एलयू७) घेतली आहे. थेट डॉकिंग (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर बघणं) सुरू करू का?

थेट नको. आधी रचना डोळे भरून बघा. मी प्रोटीन क्रिस्टलोग्राफीतच, म्हणजे स्फटिकांवरून प्रथिनांची रचना काढण्याचं, काम करते आणि प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांनाही हेच सांगते.

६एलयू७ म्हणजे विषाणूचं मेन प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं कापणारं मुख्य एन्झाइम; या रचनेत त्याला अडवणारा एन३ नावाचा रेणूही (इनहिबिटर) आहे. झिहे राव आणि हायताओ यांग यांच्या शांघायच्या गटाने ही रचना काढली आणि शोधनिबंध छापून येण्याच्या दोन महिने आधी, फेब्रुवारी २०२० मध्येच, ती जगाला खुली झाली. त्या घाईच्या दिवसांत हे केवढं मोठं काम होतं! विषाणूची बरीच प्रथिनं आपल्या पेशीत एका लांबलचक साखळीतच तयार होतात. ती साखळी हे एन्झाइम ग्लुटामिन या अमिनो आम्लानंतर कापतं, आणि कापतात ती एन्झाइममधली सिस्टीन १४५ आणि हिस्टिडीन ४१ ही अमिनो आम्लं (आकडा म्हणजे साखळीतला क्रमांक).

आता मुख्य मुद्दा. फाइल उघडलीत की एन्झाइमची एकच साखळी दिसेल, पण हे एन्झाइम काम करतं जोडीने. दुसरी साखळी स्फटिकाच्या सममितीतून मिळते, म्हणून 'बायोलॉजिकल असेंब्ली', म्हणजे पूर्ण जोडीची फाइल, उतरवून घ्या. मग दुसऱ्या साखळीचं अगदी पहिलं अमिनो आम्ल, सेरीन १, शोधा. ते पहिल्या साखळीच्या ग्लुटामेट १६६ ला येऊन टेकलेलं दिसेल. ज्या खाचेत ग्लुटामिन बसतं तिची भिंत त्यामुळे जागेवर राहते. साथीच्या काळात एकट्या साखळीवर डॉकिंग करून कितीतरी पेपर आले. खाचेचा हा आधारच काढून टाकल्यावर डॉकिंगने रेणूला दिलेल्या त्या स्कोअरवर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरं, नुसत्या रिबनच्या चित्रावर थांबू नका. ते आम्ही बसवलेलं मॉडेल असतं. प्रयोगातून हाती येतो तो इलेक्ट्रॉन डेन्सिटीचा मॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत त्याचा नकाशा. कूट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मॅप लावा आणि सिस्टीन १४५ वर या. रेझोल्यूशन (किती बारीक तपशील दिसतो ते) २.१६ अँगस्ट्रॉम आहे, त्यामुळे सिस्टीनच्या गंधकापासून एन३ या इनहिबिटरपर्यंत डेन्सिटी सलग गेलेली दिसते. म्हणजे रेणू नुसता खाचेत बसलेला नाही, बंध करून चिकटलाय. एन३ च्या एका टोकाजवळचं पाच अणूंचं लॅक्टम वलय ग्लुटामिनच्या जागी बसतं. फायझरच्या पॅक्सलोव्हिड या कोरोनाच्या औषधातल्या निरमॅट्रेल्विरची रचना यावर ठेवून बघा, तेच वलय त्याच खाचेत सापडेल.

गाइडना डॉकिंगच हवं असेल तर एन३ शी तुलना करू नका, कारण साधं डॉकिंग हा बंध धरतच नाही. शिओनोगी कंपनीचं एन्सिट्रेल्विर हे औषध याच एन्झाइमवर असा बंध न करता बसतं. त्याची रचना घ्या, रेणू बाहेर काढून पुन्हा डॉक करा, आणि तो मूळ जागी बसला तरच नवीन रेणू घ्या.