वाचक विचारतात: वॉल्टन्सच्या घरात पैसा कुठून यायचा?

या महिन्यातले प्रश्न 'द वॉल्टन्स' या अमेरिकन मालिकेबद्दल आहेत. 1972 ते 1981 अशी नऊ हंगाम ती सीबीएस वाहिनीवर चालली. 1930च्या दशकातली महामंदी, व्हर्जिनिया राज्यातला ब्लू रिज डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी एका छपराखाली राहणारं कुटुंब: आजी-आजोबा, आई-वडील आणि सात मुलं.

मुलीने अमेरिकेहून सगळे भाग पाठवले आहेत. पण पहिल्याच भागात आई-वडील आणि आजोबा वेगळेच दिसतात. संच चुकीचा आला का? (सांगली)

संच बरोबर आहे. तुम्ही आधी पाहिलात तो 'द होमकमिंग' हा दूरचित्रपट. तो 19 डिसेंबर 1971 रोजी दाखवला गेला आणि लोकांना इतका आवडला की त्याची मालिका करायचं ठरलं. त्यात आई होती पॅट्रिशिया नील, वडील अँड्र्यू डग्गन आणि आजोबा एडगर बर्गन. हा बर्गन बोलक्या बाहुल्यांचा कलावंत, म्हणजे आपल्याकडच्या रामदास पाध्यांच्या पठडीतला. मालिकेत हे तिघे बदलले. मुलं आणि आजी (एलेन कॉर्बी) तीच राहिली. नव्या आईचं नाव मायकल लर्नड. नाव पुरुषी असल्याने सुरुवातीच्या श्रेयनामावलीत तिच्या नावामागे मुद्दाम 'मिस' लावलेलं दिसेल.

दूरचित्रपट सर्वांत आधी पाहा, वगळू नका. त्यात थोरला मुलगा जॉन-बॉय खोलीचं दार लावून बसतो. हा चोरून बिड्या ओढतो की काय, असा आईला संशय येतो. शेवटी तो गादीखालून काढून दाखवतो ती लिहायची वही. पुढच्या नऊ हंगामांचा पाया या एका वहीवर आहे. पाचव्या हंगामापर्यंत सलग पाहा. सहाव्यापासून निवडून पाहिलंत तरी चालेल.

हे लोक गरीब म्हणावेत तर एवढं मोठं घर, गाय, स्वतःची जमीन. मग हलाखी कसली? (बार्शी)

प्रश्न नेमका आहे, आणि शेतकरी वाचकाला तो पडणारच. वॉल्टन्स गरीब नाहीत, त्यांच्याकडे रोकड नाही. जमीन पिढीजात, घर स्वतःचं, दूध घरचं, भाजी परसातली, अंडी खुराड्यातली. अडतं कुठे? जे विकत आणावं लागतं तिथे: बूट, औषध, ट्रकचा सुटा भाग, कॉलेजची फी.

वडील घरामागे आरागिरणी चालवतात. गिरणी चालायची तर कोणीतरी घर बांधायला हवं, आणि 1933 साली अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार होता. अशा वेळी घर कोण बांधणार? म्हणून ऑर्डर आली की चार दिवस गिरणी गरजते, नाहीतर महिनाभर गप्प. त्यातच एखाद्याने मालाचे पैसे दिले नाहीत किंवा पातं मोडलं, की सगळं गणित कोलमडतं. बऱ्याच भागांची गोष्ट या एका अडचणीतून निघते. मधला आधार म्हणजे आइक गॉडसीचं दुकान. तिथे उधारीची वही आहे, पोस्ट आहे, पेट्रोलचा पंपही आहे. आइकही अडचणीतच असतो, कारण वहीतले आकडे वसूल झाले तरच त्याला पुढचा माल भरता येणार. आपल्या गावच्या वाण्याचं दुष्काळात जे होतं तेच.

मूळ कुटुंबाची स्थिती याहून बिकट होती. मालिकेचे निर्माते-लेखक अर्ल हॅमनर यांचं स्वतःचं बालपण हेच. जन्म 1923, गाव व्हर्जिनियातलं स्कायलर. त्यांचे वडील सोपस्टोनच्या, म्हणजे शंखजिऱ्याच्या दगडाच्या, कंपनीत कामाला होते. मंदीत ते काम गेलं, तेव्हा लांबच्या गावी नोकरी धरून आठवड्याच्या शेवटी घरी यायचे. मालिकेत वडिलांना गिरणीचे मालक केल्याने ते घरातच दिसतात. कथेला सोयीचं, पण मंदीचा दंश त्यामुळे बोथट झाला, असं आमचं मत.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण विचारायला हवी होती: विजेचे दिवे. तेव्हा अमेरिकेत दहातल्या साधारण एकाच शेतघरात वीज होती. खेड्यांत वीज नेणारं सरकारी खातं 1935 साली निघालं. वॉल्टन्सकडे मात्र 1933पासूनच खोलीखोलीत दिवा. प्रत्येक भागाच्या शेवटी दिवे विझतात आणि सगळे एकमेकांना 'गुड नाइट' म्हणतात. हा शेवट हवा तर दिवे हवेतच, ते विझल्याशिवाय भाग संपणार कसा?

बाल्डविन बहिणींची 'रेसिपी' म्हणजे नेमकं काय? (पुणे)

हातभट्टीची व्हिस्की. दोघी वयस्कर, खानदानी, अविवाहित. वडील न्यायाधीश होते आणि त्यांनी शिकवलेली 'पाककृती' या दोघी निरागसपणे पुढे चालवतात. अमेरिकेत दारूबंदी 1920पासून डिसेंबर 1933पर्यंत होती. म्हणजे मालिका सुरू होते तेव्हा हा उघड गुन्हाच. आजोबांना तिथे जायला निमित्त लागत नाही आणि आईला ते खपत नाही, कारण ती कट्टर बॅप्टिस्ट, म्हणजे दारू निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली. विनोदाची गंमत अशी की 'दारू' हा शब्द त्या बहिणी उच्चारतच नाहीत.

आजी मध्येच दिसेनाशी होते, परत येते ती जवळजवळ मुकी. मग आजोबा गायब, जॉन-बॉयचा चेहराही दुसराच. कथेत काय झालं? (नाशिक)

कथेत झालं ते आधी प्रत्यक्षात झालं होतं. नोव्हेंबर 1976मध्ये एलेन कॉर्बीला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. मार्च 1978मध्ये, सहाव्या हंगामाच्या शेवटच्या भागात, ती परतली. लेखकांनी आजीलाही झटका आल्याचं दाखवलं, आणि तिच्या तोंडी एकदोन शब्दच दिले, कारण तिला तेवढेच जमत होते. त्या भागात तिचे डोळे पाहा. संवाद नसताना ती समोरच्याला कशी गप्प करते ते कळेल. पुढच्याच महिन्यात, 22 एप्रिलला, आजोबा झालेले विल गीअर वारले. सातवा हंगाम त्यांच्या जाण्यानेच सुरू होतो.

जॉन-बॉयचं काम करणारे रिचर्ड थॉमस पाचव्या हंगामानंतर नियमित भूमिकेतून बाहेर पडले. 1979पासून तीच भूमिका रॉबर्ट वाइटमन यांनी केली. थॉमस यांना 1973 साली एमी हे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं होतं, त्यामुळे तुलना टळणं शक्य नव्हतं. आईलाही पुढे क्षयासाठी आरोग्यधामात पाठवलं, कारण लर्नड यांनी मालिका सोडली.

मुलांची वयं जुळत नाहीत. (रत्नागिरी)

जुळणार नाहीत. कथा 1933 ते 1946, चित्रीकरण नऊ वर्षांचं. वाढदिवस मोजू नका, इतिहासाच्या खुंट्या धरा: पाचव्या हंगामात हिंडेनबर्ग या वायुनौकेची आग (मे 1937), सातव्यात पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला (डिसेंबर 1941). दोन हंगामांत साडेचार वर्षं उडी! धाकटी एलिझाबेथ त्यात बिचारी सर्वांत जास्त गोंधळते.

नाताळच्या भागात आई करते तो सफरचंदाचा केक घरी जमेल का? मी केला तर मधोमध ओला राहिला. (ठाणे)

जमेल. त्या काळच्या घरगुती पद्धतीचा, बिनअंड्याचा असा: चार मध्यम सफरचंदं सोलून, दोन-तीन चमचे पाण्यात झाकून शिजवा, घोटा. दीड कप गर हवा. अर्धा कप लोणी आणि एक कप ब्राउन शुगर फेटून त्यात गार झालेला गर घाला. दोन कप मैदा, दीड लहान चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा दालचिनी, पाव चमचा लवंगपूड, चिमूटभर मीठ हे दोनदा चाळून मिसळा. वरून मूठभर मनुका आणि अक्रोड. आठ इंची भांड्यात, 175 अंशांवर 45 ते 50 मिनिटं.

तुमचा केक ओला राहिला तो बहुधा पातळ गरामुळे. गर चमच्यातून ओघळता कामा नये, ढिगासारखा पडायला हवा. ओघळत असेल तर उघड्या पातेल्यात आटवून घ्या. दुसरी चूक मिश्रण ठेवून देण्याची. सफरचंदाची आंबटी सोड्याला लागताच फुगणं सुरू होतं, म्हणून ओव्हन आधी तापवा आणि कालवलं की लगेच आत ढकला.

मुलगा व्हर्जिनियात आहे. ते घर बघता येईल का? (कोल्हापूर)

पडद्यावरचं नाही. तो कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथे स्टुडिओच्या आवारात उभारलेला दर्शनी भाग होता, तो 1991च्या आगीत गेला. खोल्या वेगळ्या, स्टुडिओच्या आत. घरामागचा डोंगरही कॅलिफोर्नियाचाच, म्हणून तो कधी कधी व्हर्जिनियाच्या मानाने फारच कोरडा वाटतो. पण स्कायलर गाव खरं आहे, शार्लट्सव्हिलच्या दक्षिणेला, आणि तिथल्या जुन्या शाळेत 1992पासून मालिकेचं संग्रहालय आहे. हॅमनर त्याच शाळेत शिकले. निघण्याआधी संग्रहालयाच्या वेळा पाहून घ्यायला मुलाला सांगा, हिवाळ्यात जायचं असेल तर नक्कीच.