आयुष्याला कोणती उपमा द्याल? मूलबाळ नसलेल्या माणसामागं काय उरतं?

तुम्ही लिहिलंय की पन्नाशी आली, लेकरू नाही, तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे, आणि लग्नाकार्यात नातेवाईक हटकून विचारतात, "तुमच्यामागं कोण?"

आधी त्या नातेवाइकांबद्दल. आमच्या मराठवाड्यात वारसा म्हटलं की पहिल्यांदा तलाठी आठवतो. वारस नोंद, फेरफार, सातबाऱ्यावर नाव. राख सावडून आलेली माणसं दहाव्याच्या आत जमिनीचं बोलायला लागलेली मी पाहिलीत. आजोबाच्या नावावर वीस एकर असतं, नातवाच्या वाट्याला दीड येतं, आणि सख्खे भाऊ एकमेकांचा बांध कोरत बसतात. सोसायटीचं थकलेलं कर्जही त्याच वाटेनं खाली उतरतं. तेव्हा पोटची पोरं असली की मागं काही धड उरतंच, हे आधी डोक्यातून काढा.

आता उपमा. 'आयुष्य म्हणजे प्रवास' ही सगळीकडं चालते, मला मात्र कधी पटली नाही. एसटीत शेजारी कोण बसलं होतं हे उतरल्यावर कुणाच्या ध्यानात राहतं? 'जग ही रंगभूमी'चंही तेच, सगळा उजेड आपल्यावर आणि बाकीचे खुर्चीत. जी माणसं आपल्यानंतर राहणार आहेत, त्यांना या दोन्हींत जागाच नाही.

मडक्याची उपमा त्यापेक्षा बरी, आणि ती आपल्या मातीतली आहे. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी विचारलं, काका, यातलं पक्कं मडकं कोणतं, कच्चं कोणतं? काकांनी मडकी थापटायची थापटी उचलली आणि एकेकाच्या डोक्यावर मारत सुटले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. मग नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले, त्यांना गुरू भेटला, पुंडलिक वरदा.

कीर्तनकार इथं थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढं आहे. हेच कच्चं मडकं पार पंजाबात गेलं, घुमानला राहिलं. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आली. आणि १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्याआधी सांगितलं की यापुढं ग्रंथ हाच गुरू. हिंगोलीकडच्या नर्सीला आम्ही नामदेवांचं जन्मगाव मानतो. म्हणजे घरचे शब्द पंजाबला वळसा घालून साडेतीनशे वर्षांनी शेजारच्या नांदेडात परत आले, तेही गुरुपदाचा मान घेऊन. हे काय नामदेवांनी ठरवलं होतं? आपल्यामागं काय उरावं याचा आराखडा माणसाच्या हातात नसतो, एवढंच मी यातून घेतो.

त्यांच्याच घरात गंगाखेडची जनाबाई होती. दळण, कांडण, शेणी वेचणं. नवरा नाही, लेकरू नाही, नावावर ढेकूळभर जमीन नाही. "हिच्यामागं कोण?" हे तिला कुणी ना कुणी ऐकवलं असणारच. पुढं गावोगाव गिरण्या आल्या, दळायची दगडी जाती उकिरड्याच्या कडेला गेली, जनीचे अभंग मात्र अजून म्हणतात. अलीकडचं माणूस हवं असेल तर स्वामी रामानंद तीर्थ घ्या. संन्यासी माणूस. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं, मग अंबाजोगाईला शिकवलं, आणि पुढं निजामाविरुद्धचा लढा चालवला. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण नाव नसतं तरी काय बिघडलं असतं?

तर मला विचाराल तर आयुष्याला बारव म्हणावं, म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरायची दगडी विहीर.

आमच्या भागात बारवा पुष्कळ. परभणी जिल्ह्यात वालूरला तर चक्राकार पायऱ्यांची आहे, ती गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली. तसलं बघून आमच्या गावातही तरुण पोरांनी मनावर घेतलं. आमची बारव म्हणजे कैक वर्षं कचऱ्याचा खड्डा. माणसांची रांग करून घमेली हातोहात वर यायची. आत काय नव्हतं? नारळाच्या करवंट्या, गणपतीचे सांगाडे, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या बाटल्या, आणि त्याखाली काळा, वास मारणारा गाळ. आम्ही वैतागून टेकलो की कुणीतरी हमखास म्हणायचं, "बांधणाऱ्यानं बांधली, भरली आपणच." ते खरंच होतं. बारव कुणी बांधली ते गावात कुणालाच माहीत नाही. शिलालेख नाही, नाव नाही. पायऱ्यांच्या कडा तेवढ्या पावलांनी गुळगुळीत झाल्यात.

म्हणून मला ही उपमा भावते. खोदणाऱ्यानं पाणी तयार केलं नाही, ते जमिनीत होतंच. त्यानं फक्त तिथवर उतरायची वाट करून दिली. आणि ती वाट पुढच्यांनी साफ ठेवली नाही तर बुजते.

पण याच बारवेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. काम चालू असताना वस्तीतली एक म्हातारी वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. म्हटलं, मावशी, बसा सावलीत. ती म्हणाली, "माझी माय हितं वरच थांबायची. खाली उतरू देत नव्हते. कुणी वरून वतलं तर घागर भरायची, नाहीतर तशीच घरी." मग पदर खोचून तीही रांगेत लागली आणि आमच्यातल्या एकाला म्हणाली, "घमेलं नीट धर, सांडायलास."

त्या चिरेबंदी पायऱ्यांबरोबर ही रीतही पिढ्यान्‌पिढ्या खाली आलीच ना? वारशात पाणी येतं तसं त्या पाण्यावर कुणाला येऊ द्यायचं नाही हेही येतं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं, ते पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. ज्यांना शिक्षणाच्या पायऱ्या कुणी उतरू दिल्या नव्हत्या, अशी आमच्या खेड्यापाड्यांतली पोरं तिथं शिकली. मागं काय ठेवलं हे बघताना ते कुणासाठी उघडं ठेवलं हे बघायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचं. तुमच्या धंद्यात एक वही असते. कोणत्या एचपीच्या मोटारीला कोणत्या गेजची म्हणजे जाडीची तार, किती टर्न म्हणजे वेढे, कॉइलचा पिच काय, कनेक्शन कसं, सगळं हातानं लिहिलेलं, कडा तेलकट झालेल्या. मी पाहिलेले बहुतेक मिस्त्री ती वही गल्ल्यात कुलूप लावून ठेवतात. हाताखालच्या पोरानं बघितली तर समोर दुकान टाकेल ही धास्ती. तो बिचारा वर्षानुवर्षं जळालेली तार उपटतो, वार्निश लावतो, आणि चहा आणतो.

तुम्ही ती वही पोरांना उतरवून घेऊ द्या. एकाला नाही, जो येईल त्याला, आणि त्यात वस्तीवरचं पोरगं असेल तर त्याला आधी. दुकानाची काळजी करू नका. आमच्याकडं उन्हाळ्यात व्होल्टेजचे जे हाल असतात, त्यात मोटारी इतक्या जळतात की अजून चार दुकानं निघाली तरी तुमच्याकडची रांग हटणार नाही.