‘आयर्नक्लॅड’ (२०११) बघावा का? कोणी भारी म्हणतं कोणी फालतू, नक्की कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐका, दोघंही खरं बोलतायत. मी हा पिक्चर दोनदा पाहिलाय, पहिल्यांदा मी ‘फालतू’वाल्यांकडे झुकलेलो, दुसऱ्यांदा पार्टी बदलली. मध्ये काय झालं ते सांगतो, पण शेवटही सांगणार आहे कारण माझं खरं भांडण शेवटाशीच आहे, तेव्हा ज्यांना सस्पेन्स हवाय त्यांनी इथूनच मागे फिरा.

स्टोरी एवढीशी. इंग्लंड, साल १२१५. जॉन राजाला सरदारांनी जूनमध्ये मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणारा करार, मान्य करायला लावला, त्याने ऑगस्टमध्ये पोपकडून तो रद्द करून आणला आणि भाडोत्री फौज घेऊन एकेका सरदाराचा हिशोब चुकता करत निघाला. केंटमध्ये रॉचेस्टरचा किल्ला लागतो, आत बंडखोर, बाहेर राजा, आणि मग वेढा. दोन तासांचा पिक्चर, त्यातला बहुतेक सगळा वेढाच.

मी तेव्हा कामासाठी इंग्लंडात होतो, आम्ही तिघं मराठी एका फ्लॅटमध्ये राहायचो आणि रविवारी रात्री लॅपटॉपवर लावला. एक जण वीस मिनिटांत उठला, म्हणाला कॅमेरामनला थंडी वाजतेय का रे, एवढा हलतोय कशाला. दुसरा शेवटपर्यंत उशी धरून बसला आणि संपल्यावर म्हणाला मारामारी बघावी तर अशी. आणि मी मधेच लटकलेलो, कारण मारामारी मलाही आवडली पण तो टेम्प्लर नाइट (धर्मासाठी लढणाऱ्या ख्रिस्ती पंथातला योद्धा) आणि किल्लेदाराची बायको यांचं जे काही चालू होतं त्यात मला काडीचा इंटरेस्ट नव्हता. नेटवर जी मतं वाचाल ती या तिघांतच बसतात. रेटिंग दहापैकी सहाच्या आसपास आहे, पण ते बघून ‘ठीकठाक असेल’ असं समजू नका, काहींनी आठ-नऊ दिलेत, काहींनी दोन-तीन, त्याची सरासरी सहा.

आता बजेट. साधारण अडीच कोटी डॉलर. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण त्याच काळात हॉलिवूडचे मोठे बॅनर अशा ढाल-तलवारीच्या पिक्चरवर दहा कोटींच्या वर सहज घालवत होते, त्या हिशोबाने हे चिल्लर. शूटिंग वेल्समध्ये केलं. आणि हा पैसा कुठे कमी पडला ते डोळ्यांना दिसतं हो. लांबून दाखवलेला किल्ला कॉम्प्युटरवर काढल्यासारखा दिसतो, राजाची अफाट फौज म्हणतात पण फ्रेममध्ये तीसेक डोकी, आणि कॅमेरा हलवायचा, चिखल उडवायचा म्हणजे मागे कोणी नाहीये हे कळू नये. माझा अंदाज आहे, पण ती थंडी वाजणारी कॅमेरागिरी निम्मी स्टाइल असावी आणि निम्मी काटकसर.

पण, आणि हे ‘फालतू’वाले बोलत नाहीत, फाटक बंद झालं की तीच गरिबी कामाला येते. वेढा मुळातच कोंदट प्रकार आहे. अंधारा जिना, ओल्या भिंती, अन्न संपत आलेलं, तेच तेच चेहरे रोज थोडे खंगत चाललेले. त्याला पन्नास हजारांची फौज लागतच नाही. तलवार इथे जड वाटते, उचलताना माणसाला धाप लागते, आणि घाव बसतो तो खाटकाच्या दुकानातल्यासारखा बसतो. कमजोर काळजाच्या लोकांनी खरंच बघू नये. आणि पॉल जियामाटीचा जॉन राजा! बुटका, चिडका, लहान मुलासारखा रुसणारा, आणि एका सीनमध्ये पकडलेल्या सरदारासमोर तो राजा म्हणजे काय, देवाने मला बसवलंय, तुम्ही कोण मला कागदावर बांधणारे, असं जे तोंड सोडतो ना, तेवढ्यासाठी मी कुणालाही हा पिक्चर लावून देईन. ब्रायन कॉक्स, डेरेक जॅकोबी, चार्ल्स डान्स असली माणसं आहेत, म्हणजे पैसा सेटपेक्षा नटांवर घातलाय आणि माझ्या मते बरोबर घातलाय.

मध्ये काय झालं ते. बाबा महिनाभर आले होते, त्यांना लंडनचे राजवाडे बघून कंटाळा आला, आयुष्यभर सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेला माणूस तो. म्हटलं चला, रॉचेस्टर जवळ आहे, ट्रेनने तासाभराच्या आत. कॅथेड्रलच्या शेजारीच बालेकिल्ल्याची ती उंच इमारत उभी आहे, शंभर फुटांच्या वर, ११२७ च्या सुमाराची. आतून पोकळ, मजले कधीच गेलेत, भिंतीत फक्त तुळयांची भोकं आणि त्यात कबुतरं. बाबा आत जायच्या आधीच बाहेर थांबले, चारी कोपरे बघितले आणि म्हणाले, हा एक बुरूज नंतरचा आहे. मी म्हटलं कशावरून? म्हणे तीन चौकोनी आणि हा एकच गोल, पडला असणार.

पडलाच होता! जॉन राजाच्या लोकांनी त्या कोपऱ्याखाली भुयार खणलं, वरचा भार लाकडी खांबांवर तोलला आणि मग ते खांब जाळून टाकले. युरोपात तेव्हा दारूगोळा नव्हता, म्हणून आग भडकवायला डुकराची चरबी. २५ नोव्हेंबरला राजाने आपल्या कारभाऱ्याला लिहिलेलं पत्र आजही आहे, रात्रंदिवस करून चाळीस डुकरं पाठव, सगळ्यात लठ्ठ आणि खायच्या सगळ्यात कमी लायकीची. कोपरा धाडकन खाली. आणि आतली माणसं तरीही शरण आली नाहीत, इमारतीच्या मधोमध एक आडवी जाडजूड भिंत आहे, तिच्या पलीकडच्या अर्ध्यात सरकली आणि तिथून लढली. पोटात काही उरलं नाही तेव्हा ३० नोव्हेंबरला हत्यार टाकलं. सात आठवडे झाले होते. तो कोपरा पुढच्या राजाच्या काळात परत बांधला, तो गोल.

बाबा तिथे भिंतीवर हात ठेवून म्हणाले, आपल्या चाकणला हेच झालं की. आमचं गाव चाकणच्या पुढेच, त्यामुळे फिरंगोजी नरसाळा लहानपणापासून ऐकलेला. १६६०, शाइस्तेखानाचा वेढा, जवळपास दोन महिने दाद दिली नाही, मग बुरुजाखाली सुरुंग नेऊन तो उडवला तेव्हा कुठे किल्ला गेला. फरक एवढाच की रॉचेस्टरला डुकरं आणि चाकणला बंदुकीची दारू.

घरी येऊन त्याच रात्री बाबांबरोबर परत लावला. आणि यावेळी तो कॅमेरा, तो चिखल मला खुपला नाही, कारण ते दगड नुकतेच हाताने चाचपून आलो होतो. मात्र दुसरंच खुपायला लागलं. पिक्चरमध्ये राजाची भाडोत्री फौज म्हणजे डेन्मार्कचे काफर लोक, पोप त्यांना बाटवणार नाही या बोलीवर आलेले. अहो डेन्मार्क त्याच्या अडीचशे वर्षं आधीच ख्रिस्ती झालेला! पिक्चरमध्ये आत जेमतेम वीसेक जण, प्रत्यक्षात शंभरच्या आसपास नाइट आणि वर धनुर्धारी वेगळे. तेही सोडा, ‘मूठभर मावळे’ आपल्यालाही आवडतात, त्याला मी काय बोलणार.

शेवट मात्र नाही सोडवत. पिक्चरमध्ये फ्रेंच फौज ऐनवेळी येते आणि किल्ला वाचतो. प्रत्यक्षात कोणी आलं नाही, किल्ला पडला. सरदार ऑबिन्यी, म्हणजे ब्रायन कॉक्सवाला, पिक्चरमध्ये भयंकर हाल करून मारलाय, हातपाय तोडून. हातपाय तोडल्याची हकिकत त्या काळच्या बखरीत आहे, पण ती अन्न वाचवायला किल्ल्याबाहेर काढलेल्या दुबळ्या लोकांची. स्वतः ऑबिन्यी कैदेत गेला, खंडणी भरून सुटला आणि १२३६ पर्यंत जगला, मधे जॉनच्या पोराच्या बाजूने लढलासुद्धा! राजाला सगळ्यांना फासावर द्यायचं होतं, त्याच्याच एका सेनापतीने अडवलं, म्हणाला उद्या आपली माणसं त्यांच्या हाती लागली तर ते पण हेच करतील. शेवटी फाशी गेला एकच धनुर्धारी, जो लहानपणापासून राजाच्याच पदरी वाढलेला. आता मला सांगा, हा सीन शूट करायला किती पैसे लागले असते? एक दोर, एक पोरगा आणि समोर जियामाटी. इथे बजेटचं कारण चालत नाही, लिहिणाऱ्याने हातचा सोडला.

बाबांचं मत विचाराल तर त्यांना पिक्चर आवडला, फक्त बायकोच्या सीनला ते चहा करायला उठले.

तर तुम्ही इतिहासासाठी बघणार असाल तर नका बघू, चिडाल. भव्यदिव्य हवं असेल तरी नका. वेढ्याच्या आत अडकल्यावर कसं वाटत असेल एवढंच हवं असेल तर जरूर बघा, हेडफोन लावून, जेवण आधी उरकून. आणि त्याच दिग्दर्शकाचा २०१४ चा दुसरा भाग समोर आला तर ‘पहिला बरा होता म्हणून’ लावू नका, आम्ही लावला होता, त्यावेळी मात्र फ्लॅटमधले तिघंही वीस मिनिटांत उठलो.